ऑगस्टात जैसलमेरला जाताना गोव्यातली पावसाची सवय घरी ठेवा

फोंड्याहून एका गृहस्थांनी विचारलंय ते थोडक्यात असं. 15 ऑगस्टला जोडून आठ दिवस सुट्टी आहे. विमानाने जोधपूर गाठायचं, तिथून भाड्याची गाडी घेऊन स्वतः चालवत जैसलमेर, एक रात्र जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत तंबूत, मग बाडमेरमार्गे परत जोधपूर. सोबत बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांची आई. आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. जमलं तर कच्छचं रणही बघायचंय. आणि शेवटी ते लिहितात: "गोव्याच्या पावसात जन्म गेला आमचा. वाळवंटातल्या चार थेंबांचं काय ते कौतुक? उन्हाचीच काळजी घ्यायची ना? आणि छत्री न्यावी का, असं सौ. विचारतेय."

छत्रीचं शेवटी सांगतो. आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्यातलं किती घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी डिचोली तालुक्यातला. अठरा वर्षं लोहखनिजाच्या खाणीवर काढली. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्यासारखे पुष्कळ जण पोटासाठी बाहेर पडले. मला राजस्थानात काम मिळालं, आधी पवनचक्क्यांवर, नंतर सौर प्रकल्पांवर. काम एकच, साइटवरच्या माणसांची सुरक्षा बघणं. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून आठ पावसाळे पाहिले. त्यातल्या पहिल्या दोन पावसाळ्यांत मी अगदी तुमच्यासारखाच विचार करत होतो.

तुम्ही विचारलंय की पाऊस किती. त्याचं उत्तर सोपं आहे. जैसलमेरला वर्षाकाठी साधारण 150 ते 200 मिलिमीटर पडतो, बाडमेरला त्याहून थोडा जास्त. गोव्यात 3000 च्या आसपास पडतो. तिथला वर्षाचा पाऊस आपल्याकडे जुलैच्या दोन-तीन जोराच्या दिवसांत पडून जातो. आकडे बघून कुणालाही हसू येईल. पण तुम्हाला गाडी चालवताना जो प्रश्न पडणार आहे तो वेगळाच आहे. समोरचा रस्ता कोरडा दिसतोय, डोक्यावर आभाळ स्वच्छ आहे, पुढच्या गावी खोली राखून ठेवलीय, मुलगी भुकेली आहे. अशा वेळी पुढे जायचं की थांबायचं, हे कशावरून ठरवायचं? गोव्यात आपण हे न शिकता ठरवतो, कारण लहानपणापासून पाहिलेलं असतं. तिथे ते शिकावं लागतं, आणि आपली सवय उलट आड येते.

काही गोष्टी त्या-त्या वर्षावर अवलंबून आहेत हे आधीच कबूल करतो. आपल्याकडे मान्सून जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. राजस्थानच्या पश्चिम टोकाला तो पोहोचायला, हवामान खात्याच्या 2020 मध्ये सुधारलेल्या तारखांप्रमाणे, 8 जुलै उजाडतो. आणि परत फिरायला सुरुवातही तिथूनच होते, 17 सप्टेंबरच्या सुमारास. म्हणजे तुमचा 15 ऑगस्ट नेमका मधोमध. एखाद्या वर्षी त्या आठवड्यात धूळ आणि घाम याशिवाय काही मिळत नाही. एखाद्या वर्षी एका दुपारी तालुकाभर पाणी होतं. कुठलं वर्ष तुमच्या वाट्याला येईल ते आज सांगता येणार नाही, आठवडाभर आधी थोडंफार कळेल. त्यामुळे वेळापत्रक असं आखा की दोन दिवस वाया गेले तरी परतीचं विमान चुकणार नाही. परतीच्या आदल्या रात्री जोधपुरात असायलाच हवं. बाडमेरहून थेट विमानतळ, असलं काही ठरवू नका.

आता सरासरीचं. वाळवंटातल्या पावसाची सरासरी ही फसवी चीज आहे. ऑगस्ट 2006 मध्ये बाडमेर जिल्ह्यात तीन दिवसांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, म्हणजे तिथल्या वर्षाच्या पावसाच्या दुपटीइतका. शंभरावर माणसं गेली, जनावरांची तर गणतीच नाही. तुम्ही बाडमेरहून जोधपूरकडे निघालात की थोड्याच वेळात कवास नावाचं गाव लागेल. ते गाव तेव्हा अख्खं पाण्याखाली होतं. पाऊस थांबला, पण पाणी हटेना, कारण तिथे जमिनीखाली जिप्समचा थर आहे आणि त्यातून पाणी मुरत नाही. महिनोन् महिने तळं साचून राहिलं. मी गेलो तेव्हा या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती, तरी गावातली माणसं पावसाचा विषय निघाला की हात छातीपर्यंत न नेता डोक्याच्या वर उंच करून दाखवत. आणि 2023 च्या जूनमध्ये तर मान्सून पोहोचायच्या आधीच बिपरजॉय चक्रीवादळ कच्छमधून आत शिरलं आणि बाडमेर, जालोर, सिरोही, पालीपर्यंत पूर आणून गेलं.

म्हणजे घाबरून घरी बसायचं असं नाही. पण पाणी तिथे कसं वागतं ते समजून घ्या, कारण ते आपल्यासारखं वागत नाही.

आपल्याकडे पाणी पडतं तिथेच दिसतं. तुम्ही भिजलात म्हणजे व्हाळ, म्हणजे ओढा, भरला, इतका सरळ हिशेब. व्हाळाला काठ आहेत, काठावर माड आहेत, वर साकव आहे, आणि पाणी साकवाला लागलं की गावातलं पोरसुद्धा पलीकडे जात नाही. जैसलमेरच्या आजूबाजूला मैलोन् मैल खडकाळ माळ आहे, त्याला तिकडे मगरा म्हणतात. त्यावर झाड नाही, माती नावापुरती. जोराची सर आली की पाणी मुरायला थारा नसतो, ते सरळ उताराला लागतं. पालीवाल ब्राह्मणांनी शेकडो वर्षांपूर्वी याच गोष्टीवर शेती उभी केली. माळावरून धावत येणारं पाणी खालच्या सखल जमिनीत बांध घालून अडवायचं, ते मुरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. याला खडीन म्हणतात, आणि जैसलमेरकडे आजही खडिनीत पिकं दिसतात. मी नव्या कामगारांना हेच सांगायचो. माळावरचं पाणी जर एवढ्या भरवशाने खाली येतं की त्यावर माणसं शेती करतात, तर तेच पाणी वाटेत तुमचा रस्ताही ओलांडणार.

आणि रस्ता ते कसा ओलांडतं? बहुतेक आतल्या रस्त्यांवर पूल नसतोच. रस्ताच नदीच्या पात्रात उतरतो आणि पलीकडे चढतो. मधे काँक्रीटची फरशी. तिला रपट म्हणतात. वर्षाचे साडेअकरा महिने तुम्हाला कळणारही नाही की आपण नदी ओलांडली, फक्त गाडी जरा खाली-वर झाल्यासारखी वाटते. हा शब्द लक्षात ठेवा. राजस्थानात पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला एवढा एक शब्द आला तरी पुष्कळ आहे.

माझी गोष्ट सांगतो. 2015 चा ऑगस्ट. पोकरण आणि जैसलमेर यांच्या मधल्या माळावर आमचं काम चालू होतं. दुपारचे दोन वाजले असतील. पुढे आमची जीप, मागे केबलचे रोल घेतलेली पिकअप. चारच्या आत उपकेंद्रावर पोहोचायचं होतं, मी घड्याळाकडे बघत होतो. जीप चालवणारा साठीचा माणूस, त्याला आम्ही सगळे काकोसा म्हणायचो, म्हणजे काकासाहेब. एका रपटीच्या अलीकडे त्याने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. समोर कोरडं पात्र, साठ-सत्तर पावलं रुंद. डोक्यावर निळं आभाळ. तो खाली उतरला, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. ओल्या मातीचा वास येत होता, हे मला त्याने सांगितल्यावर कळलं. आमच्याकडे तर थेंबही नव्हता.

मग त्याने बोट दाखवलं. पात्राच्या वरच्या वळणावरून वाळूवर पाण्याची एक जीभ सरकत येत होती. बोटभर जाड. पुढे मळकट फेस, त्यात शेळ्यांच्या लेंड्या, सुकं गवत, काटक्या. चालत्या माणसाच्या वेगाने येत होती, त्याहून जास्त नाही. मी हसलो. म्हटलं, "काकोसा, एवढ्या पाण्यातून आमच्याकडे पोरं शाळेत जातात." आणि मागच्या पिकअपवाल्याला मी हात केला, जा म्हणून.

तो तरुण होता, साहेब म्हणतोय म्हणून गेला. अर्ध्यावर पोहोचेपर्यंत पाणी चाकाच्या मध्यावर आलं. फरशीच्या कडेची वाळू खालून निघून गेली होती, पुढचं डावं चाक घसरलं आणि गाडी तिरकी झाली. इंजिन बंद. पिकअपमधल्या दोन्ही पोरांना आम्ही केबलचा दोर टाकून ओढून काढलं. दुसरा काठावर आला तेव्हा त्याच्या छातीपर्यंत पाणी होतं. पाण्याची ती जीभ दिसल्यापासून वीस मिनिटंही झाली नव्हती. पिकअप दुसऱ्या दिवशी खाली अर्ध्या किलोमीटरवर सापडली, स्टिअरिंगपर्यंत वाळूने भरलेली. संध्याकाळी कळलं की पाऊस तीसेक किलोमीटर दूर, दुपारी बाराला झाला होता. अहवालात कारण लिहायची वेळ आली तेव्हा मी माझं नाव लिहिलं. त्या दिवसानंतर गाडी पुढे न्यायची की नाही हा निर्णय माझा राहिला नाही, काकोसाचा झाला.

यातून तुमच्या कामाचं काय? पाण्याचं पहिलं टोक दिसलं की ती वेळ ओलांडायची नसते, मागे सरायची असते. फेस आणि कचरा पुढे ढकलत येणारं पाणी म्हणजे मागे बरंच काही येतंय. रपटीवर आधीच पाणी वाहत असेल आणि तळाची फरशी दिसत नसेल, तर फरशी तिथे आहेच असं धरू नका, ती कधी अर्धी वाहून गेलेली असते. उंच गाडी घेतोय म्हणून निर्धास्त होऊ नका. सहा इंच खोल, पण वेगाने वाहणारं पाणी उभ्या माणसाला पाडू शकतं, फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते, दोन फुटांत मोठ्या गाड्याही वाहतात. पुढून ट्रक गेला म्हणजे तुम्हीही जाल, असं नाही. ट्रकचं वजन आणि तुमचं वजन यात फरक आहे. पाणी उतरायची वाट बघा. वाळवंटातला पूर जसा झटकन येतो तसा बऱ्याचदा दोन-चार तासांत उतरतोही. आणि थांबताना पात्रात किंवा उतारावर थांबू नका, चढ चढून वर या. पात्रातली स्वच्छ सपाट वाळू बघून डबा खायला तिथे बसणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. झाडाची सावलीही नेमकी तिथेच असते, त्यामुळे मोह होतो.

आपल्याला हे अगदीच परकं आहे असंही नाही. 2 ऑक्टोबर 2009 ला काणकोणात काय झालं ते आठवा. डोंगरावर कोसळलं आणि खालची गावं बघता बघता बुडाली. तो दिवस आपण अपवाद म्हणून लक्षात ठेवलाय. राजस्थानात पूर येतो तेव्हा तो बहुतेक तसाच येतो.

तुमच्या परतीच्या वाटेवर बालोतऱ्याला लुणी नदी लागेल. ही अजमेरकडे अरवलीत उगम पावते आणि पाचशे किलोमीटरच्या आसपास वाहत जाऊन कच्छच्या रणात विरते. बालोतऱ्यापर्यंत पाणी गोडं, पुढे खारट होत जातं. वर्षातला बराच काळ पात्र कोरडं. वर अरवलीत पाऊस झाला की इथे ऊन असताना नदी येते. आली की लोक बघायला, पूजा करायला काठावर गर्दी करतात, फार सुंदर दृश्य असतं. तुम्हीही बघा, पण पुलावरून. मुलीला काठाशी नेऊ नका, तो काठ वाळूचा असतो आणि खालून पोखरलेला असतो.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला, गाडी स्वतः चालवू नका. जोधपूर-जैसलमेर मुख्य रस्ता चांगला आहे, तो तुम्ही आरामात चालवाल. पण सम, खुहडी, बाडमेर, मधली गावं, इथे तिथलाच ड्रायव्हर घ्या. आणि त्याने "रुको" म्हटलं की घड्याळ बघू नका. ड्रायव्हरचे पैसे जास्त वाटले तर सहलीचा एक दिवस कमी करा. रोज सकाळी निघण्याआधी पुढच्या मुक्कामाच्या हॉटेलात फोन करून दोनच गोष्टी विचारा, कल बारिश हुई क्या, और रपट पर पानी है क्या. हवामान खात्याचं 'मौसम' ॲप मोबाईलवर असू द्या, पण एवढ्या मोठ्या जिल्ह्यात कुठल्या ओढ्याला पाणी आलं हे ॲप सांगत नाही, हॉटेलातला पोऱ्या सांगतो. मधल्या पट्ट्यात मोबाईलला रेंज नसते, वादळात वीज गेली की असलेलीही जाते. म्हणून निघताना कुणाला तरी सांगा, या रस्त्याने जातोय, इतक्या वाजता पोहोचणार.

तंबूबद्दल. वाळूच्या टेकड्या, ज्यांना तिकडे धोरे म्हणतात, त्या पाणी पिऊन टाकतात, त्यांच्यावर पुराची भीती नाही. पण तंबू टेकडीवर नसतात, दोन टेकड्यांच्या मधल्या सपाट जागेवर असतात, आणि तिथे चिकणमातीचा थर असेल तर पाणी साचतं आणि गाडी साबणावर घसरावी तशी घसरते. शिवाय पावसाच्या सरीआधी जो वारा सुटतो तो तंबूच्या खुंट्या उपटतो. तुमच्याबरोबर आई आणि लहान मुलगी आहे. जैसलमेरात पक्की खोली घ्या, सम संध्याकाळी बघून या, रात्री परत. किल्ल्याच्या आतल्या हॉटेलांचं आकर्षण मला कळतं, बाराव्या शतकातल्या किल्ल्यात अजून माणसं नांदतात ही गोष्टच वेगळी. पण ती पिवळ्या दगडाची जुनी घरं मुळात कोरड्या हवेसाठी बांधलेली आहेत, आणि आत मुरणाऱ्या पाण्याचा किल्ल्याला बरीच वर्षं त्रास आहे. 2024 च्या ऑगस्टात पावसात तटाचा एक भाग ढासळला. पावसाळ्यात मी किल्ल्याबाहेर राहीन आणि आत फिरायला जाईन.

विजेबद्दल गोवेकर सगळ्यात बेफिकीर असतात, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे गडगडाट मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरात. जुलै-ऑगस्टचा पाऊस मुकाट्याने पडतो, आपण त्यात बाजार करतो, शेतात चिखलणी करतो. थरच्या वाळवंटातला पाऊस ढगांच्या गडगडाटी गठ्ठ्यांतून येतो, त्यामुळे बहुतेक सर वीज घेऊनच येते. आणि सपाट माळावर सगळ्यात उंच वस्तू तुम्ही असता, नाहीतर उंटावर बसलेली तुमची मुलगी. पहिला गडगडाट ऐकू आला की टेकडीवरून खाली, खेजडीच्या झाडाखाली नाही, तंबूत नाही, तर बंद गाडीत किंवा पक्क्या इमारतीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच. 11 जुलै 2021 ला जयपूरजवळ आमेर किल्ल्यासमोरच्या बुरुजावर पावसाची मजा बघायला, फोटो काढायला चढलेल्या माणसांवर वीज पडली, अकरा जण गेले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, आसपास वीज पडत असेल तर ते सांगतं. ते मात्र घ्याच.

धुळीचं वादळ मे-जूनमध्ये जास्त, पण ऑगस्टातही सरीच्या पुढे धुळीची भिंत येते. दिसली की रस्त्यावरून पूर्ण खाली उतरून थांबा, हँडब्रेक लावा, ब्रेकवरचा पाय काढा आणि सगळे दिवे बंद करा, इंडिकेटरसुद्धा. हे उलटं वाटेल. पण मागून येणाऱ्याला काही दिसत नसतं, तो तुमचे लाल दिवे बघून समजतो की रस्ता तिकडे आहे, आणि येऊन आदळतो.

ऊन. तुम्ही बरोबर आहात, त्याची काळजी घ्यायचीच आहे, पण त्यातही एक गोम आहे. पाऊस नसलेल्या दिवशी हवा इतकी कोरडी की घाम आल्याचं कळतच नाही, अंगावरच वाळतो. आपल्या माणसाला वाटतं घामच नाही तर पाणी कशाला? आणि पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी तापमान तेच पण हवा दमट, त्याला ते उमस म्हणतात. अशा दिवशी तिथल्या साध्या हॉटेलांतले पाण्याचे कूलर काही कामाचे राहत नाहीत, कारण ते चालतात बाष्पीभवनावर. ओल्या हवेत कूलर नुसता पंखा होतो, वर खोली अजून दमट करतो. आईंसाठी एसीची खोली घ्या, आणि वीज गेल्यावर जनरेटर आहे का ते आधी विचारा. त्यांच्या गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध आहे का, हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. काही गोळ्यांचा डोस उन्हाच्या प्रवासात बदलावा लागतो, पण तो त्यांनीच बदलायचा, तुम्ही नाही. पाणी ठरलेल्या वेळेला प्यायला लावा, तहानेची वाट बघू नका, ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापलं, चालताना तोल जाऊ लागला, तर तो थकवा नव्हे, उष्माघात आहे. सावलीत आडवं करा, कपडे ओले करा, वारा घाला आणि 108 ला फोन करा. गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

साप-विंचवाचं दोन शब्दांत सांगून मोकळा होणार होतो, पण मुलगी आहे म्हणून जरा थांबतो. पाऊस झाला की बिळांत पाणी जातं आणि सगळे बाहेर येतात. फुरसं आपल्या ओळखीचं आहे, तिकडे त्याला बांडी म्हणतात. रात्री डांबरी रस्त्यावर येऊन बसतं. त्यामुळे अंधारात टॉर्च आणि बूट. दुसरा एक साप आहे, पीवणा. तिकडची माणसं सांगतात की तो झोपलेल्याच्या छातीवर बसून श्वास पिऊन टाकतो, सकाळी माणूस मेलेला सापडतो, अंगावर खूण नाही. ऐकायला भुताची गोष्ट वाटते. पण तो मण्यारीच्या जातीचा साप आहे. दंश रात्री, झोपेत, जवळजवळ वेदनेशिवाय होतो, आणि विष श्वासाचे स्नायू बंद पाडतं. गोष्ट खोटी असली तरी निरीक्षण चोख आहे. जमिनीवर गादी टाकून झोपू नका. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. ती डासांसाठीही हवीच. सकाळी बूट झटकून घाला. साप चावलाच तर कापू नका, आवळून बांधू नका, चावलेला भाग हलू न देता जिल्हा रुग्णालय गाठा. रात्री झोपेत पोट दुखलं, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर खूण सापडो न सापडो, निघा. विंचू मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त भोवतो. नुसती आग होत असेल तर ठीक, पण घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं की थांबू नका. यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार आपल्याच कोकणातल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केला.

पाणी बाटलीबंद किंवा उकळलेलंच. घराघरांत पावसाचं पाणी साठवायचे जमिनीखालचे टांके असतात, पहिल्या पावसाची धूळ-लेंडी त्यात उतरलेली असते. परत आल्यावर महिनाभरात कुणाला थंडीताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा की राजस्थानात होतो, म्हणजे ते मलेरियाची तपासणी करतील.

कच्छचं रण ऑगस्टात विसरा. जे पांढरं रण तुम्ही फोटोत पाहिलंय त्यावर त्या वेळी पाणी असतं, खाली दलदल. पाणी आटून मीठ वर येतं ते हिवाळ्यात. ते वेगळ्या सहलीला ठेवा, दिवाळीनंतरच्या.

छत्री न्या, सौ.ना सांगा. मी म्हापशाच्या बाजारातून घेतलेली लांब दांड्याची काळी छत्री तिकडे नेली होती. पावसात ती उघडायचा प्रसंग आला तेव्हा काकोसाने हातातून काढून घेतली, उघड्या माळावर लोखंडी दांडा वर धरून उभा राहणारा माणूस त्याला बघवेना. पुढे ती त्यालाच देऊन टाकली. भर दुपारी शेळ्यांमागे तो ती उघडून चालायचा, आणि पाऊस सुरू झाला की मिटून जीपमध्ये येऊन बसायचा.